ओंडक्यांचे घर आणि मेढींचे घर

लाकडी घर म्हटले म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकावर एक आडवे ओंडके रचून केलेली भिंत उभी राहते. हे घर थंड प्रदेशांतील आहे. रशिया, फिनलंड, स्वीडन येथील अरण्यांत पाईन व स्प्रूस हे सरळ, हलके वृक्ष विपुल असतात. त्यांच्या सच्छिद्र लाकडात हवा कोंडलेली असल्यामुळे घरातील ऊब बाहेर जात नाही. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील काठकुणी पद्धतीत देवदाराच्या तुळया व दगड यांचे थर आलटून पालटून घालतात. परंतु असे घर छत्तीसगडात थोड्या खर्चात बांधता येईल काय?

सहा मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा एका खोलीचा हिशेब करून पाहावा. घराचा परीघ वीस मीटर होतो. वीस सेंटीमीटर व्यासाच्या ओंडक्यांचे पंधरा थर रचावयाचे, म्हणजे तीनशे मीटर ओंडके, अर्थात सुमारे साडेनऊ घनमीटर लाकूड लागेल (दारे-खिडक्यांची वजावट येथे केलेली नाही). छत्तीसगडचे मुख्य इमारती लाकूड म्हणजे सालवृक्षाचे. तेथे त्यास सरई म्हणतात. वाळलेल्या सरईचे वजन घनमीटरला ८०० ते ९०० किलोग्रॅम भरते, देवदाराचे सुमारे ५५० किलोग्रॅम. म्हणजे नुसत्या भिंतीच आठ टनांच्या होतील. शिवाय घट्ट लाकूड हलक्या लाकडाइतके उष्णतेला अडवीत नाही. इतका पैसा ओतून मिळणारा लाभ थोडाच.

आता तेच लाकूड उभे करू. पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या व तीन मीटर उंचीच्या बारा मेढी, आणि त्यांच्या माथ्यावरून फिरणारी तेवढ्याच जाडीची तुळई, यांस मिळून सुमारे एक घनमीटर लाकूड पुरते. छपराचे लाकूड दोन्ही घरांना सारखेच, म्हणून ते सोडून दिले आहे. लाकूड वाळताना आडवे आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे ओल्या ओंडक्यांची भिंत मीटरमागे एक ते पाच सेंटीमीटर खाली बसते आणि चौकटींवर मोकळी जागा ठेवावी लागते. उभ्या मेढीची उंची मात्र कायम राहते.

ही रीत नवी नाही. नवा रायपूर येथे पुरखौती मुक्तांगण हे उघड्यावरील संग्रहालय आहे. २००६ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यातील एका विभागाचे 'आमचो बस्तर' हे हलबी नाव मराठी वाचकास समजावून द्यावे लागणार नाही. बस्तरच्या घरात भार मेढी पेलतात आणि मधली जागा कुडाने, म्हणजे विणलेल्या बांबूवर माती लिंपून, भरून काढतात. विदर्भात आणि कोकणातही कुडाची भिंत परिचित आहे. बांबू पुन्हा पुन्हा फुटतो. आणि २०१७ साली वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या बांबूस कायद्याने 'वृक्ष' मानले जात नाही, त्यामुळे तो तोडणे व नेणे सुकर झाले आहे.

या घराचे आयुष्य मेढीच्या पायावर अवलंबून असते. जमिनीत पुरलेली मेढ कुजते ती बहुधा जमिनीच्या पातळीपाशी. खोलवर हवा अपुरी, वर ओल अपुरी. बुरशीला लागणारी हवा व ओल दोन्ही मिळतात त्या वीतभर पट्ट्यातच. लाकडातील ओल शेकडा वीसच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. म्हणून मेढ पुरण्याऐवजी जोत्यावर दगडी उथाळ्यावर उभी करणे श्रेयस्कर. वाळवीची मातीची नळीही तेथे उघडी पडते व मोडता येते. मात्र पुरलेल्या मेढीला जमिनीचा जो आधार असतो तो उथाळ्यावर मिळत नाही, म्हणून कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकलेच पाहिजेत. काटकसरीच्या नावाखाली हे आधार गाळले, तर पहिल्या वादळात घर कलते.

सरईचा गाभा टिकाऊ, पण भोवतालचे फिकट रसकाष्ठ लवकर किडते. ते तासून टाकावे. बांबूची गोष्ट निराळी. त्यातील पिष्ट हेच भुंगेऱ्यांचे खाद्य. पावसाळ्यात नवे कोंब फुटताना ते खर्च होते, म्हणून निदान तीन वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवावा. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली शोधलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण अधिक टिकते. परंतु आर्सेनिक विषारी असल्याने राहत्या घरात ते टाळणेच बरे. बोरॉनचे क्षार पाण्याने धुपून जातात. रायपुरास वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा वळचण भिंतीपासून पाऊण-एक मीटर पुढे काढणे येथे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

मातीचा गिलावा मात्र दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. हे काम बहुतेक घरांतून स्त्रियाच करतात, आणि स्वस्त घराच्या हिशेबात त्यांची मजुरी सहसा कोणी धरीत नाही. गिलाव्यात थोडा चुना मिसळला व जोते हातभर उंच घेतले, तर भिंतीच्या खालच्या भागाची दुरुस्ती पुष्कळ कमी होते. एखादी मेढ किडलीच, तर तुळईस टेकू देऊन तेवढी एकच बदलता येते. ओंडक्यांच्या घरात तळचा ओंडका कुजला, तर त्यावरची सारी भिंत उचलावी लागते.