डीयूआयचा ‘क्लास’: गुलाबी कागदापासून शेवटच्या दाखल्यापर्यंत

कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवताना कुणी पकडले गेले की वकील आणि दंड यांच्यापाठोपाठ तिसरी गोष्ट येते ती ‘क्लास’ची. तिथल्या कायद्याच्या भाषेत हा डीयूआय प्रोग्रॅम. डीयूआय म्हणजे दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणे. फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांत हा विषय दार लावून बोलला जातो. त्यामुळे माहितीपेक्षा व्हॉट्सॲपवरचे सल्लेच जास्त फिरतात, आणि ते बरेचदा चुकीचे असतात. म्हणून ही सगळी वाट पहिल्यापासून, क्रमाने पाहू. वकिलाची गरज यामुळे टळत नाही, पण वकिलाला काय विचारायचे ते तरी कळेल.

सुरुवात अटकेपासून. मर्यादा आहे ०.०८ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्य. भारतात हीच मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. २१ वर्षांखालच्यांना कॅलिफोर्नियात ०.०१ टक्क्यालाच कारवाई होते, त्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना एक बिअरही महागात पडते. आणि आकडा ०.०८च्या खाली आला म्हणून सुटलो असेही नाही. गाडी चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम झाला होता असे दिसले, तरी गुन्हा लागू शकतो.

पोलीस कॅलिफोर्नियाचे लायसन्स तिथेच ताब्यात घेतात आणि बदल्यात एक कागद देतात. बोलताना सगळे त्याला गुलाबी कागद म्हणतात. हे तात्पुरते लायसन्स ३० दिवस चालते.

लोक हे ३० दिवस वाचतात आणि निर्धास्त होतात. त्याच कागदावर दुसरी मुदत असते, १० दिवसांची. लायसन्स निलंबित होऊ नये म्हणून बाजू मांडायची असेल तर डीएमव्हीकडे (तिकडचे आरटीओच म्हणा) १० दिवसांच्या आत सुनावणी मागावी लागते. शनिवारी रात्री अटक होते, पहिला आठवडा धक्क्यात जातो, मग वकिलांची शोधाशोध, आणि तेवढ्यात मुदत उलटून गेलेली असते.

इथून दोन वाटा सुरू होतात, आणि बहुतेक घोटाळे या दोन वाटा एकच समजल्यामुळे होतात. एक वाट कोर्टाची: गुन्हा, दंड, प्रोबेशन. प्रोबेशन म्हणजे ठरावीक वर्षे कोर्टाच्या अटींखाली राहणे. डीयूआयमध्ये ती ३ ते ५ वर्षे असतात. दुसरी वाट डीएमव्हीची, ती फक्त लायसन्सपुरती. कोर्टात प्रकरण सौम्य झाले म्हणून डीएमव्हीने केलेले निलंबन आपोआप उठत नाही. क्लास मात्र दोन्हीकडे मागितला जातो.

क्लास कोणता, हे मुख्यतः रक्तातल्या आकड्यावर आणि आधीच्या गुन्ह्यांवर ठरते. पहिल्या गुन्ह्याला साधारणपणे ३ महिन्यांचा, ३० तासांचा कार्यक्रम. प्रमाण ०.२० किंवा त्याहून जास्त निघाले, किंवा चाचणीला नकार दिला असेल, तर ९ महिने आणि ६० तास. दहा वर्षांच्या आत दुसरा गुन्हा झाला तर १८ महिने. याहून लहान असा १२ तासांचाही एक क्लास आहे, तो ‘वेट रेकलेस’साठी. म्हणजे तडजोडीत गुन्हा बेदरकार ड्रायव्हिंगवर आणला, पण दारूचा उल्लेख नोंदीत राहिला, अशा प्रकरणांसाठी.

हा १२ तासांचा क्लास पदरात पडला की घरात आनंद होतो. जरा थांबा. कोर्टाला १२ तास चालले तरी लायसन्ससाठी डीएमव्ही मोठा क्लास मागू शकते. नाव नोंदवण्याआधी दोन्ही ठिकाणी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नाव कुठे नोंदवायचे? राज्याच्या आरोग्य सेवा विभागाने परवाना दिलेल्या संस्थेतच. आपल्या काउंटीतल्या अशा संस्थांची यादी कोर्टात मिळते. इंटरनेटवर शोधलेत तर ‘घरबसल्या आठ तासांत प्रमाणपत्र’ छापाच्या जाहिराती दिसतील. इतर कुठे त्या चालत असतील, कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीला त्या चालत नाहीत. नाव नोंदले की संस्था डीएल १०७ हा नोंदणीचा दाखला डीएमव्हीला पाठवते. मर्यादित लायसन्स, म्हणजे कामावर आणि क्लासला जाण्यापुरती परवानगी, हवे असेल तर हा दाखला लागतोच.

खर्च शिकणाऱ्याचा. उत्पन्न कमी असल्याची कागदपत्रे दिली तर शुल्कात सवलत मिळते. पण ती मागावी लागते, आपणहून कुणी विचारत नाही.

आता आत काय चालते ते. पहिली भेट प्रवेश-मुलाखतीची: किती पिता, कधीपासून, घरी कोण आहे, आधी कधी उपचार घेतले का. इथे वकिलासमोर बसल्यासारखी जपून उत्तरे देणारे बरेच असतात. ‘फक्त पार्टीत, तेही एखादाच’ हे समुपदेशकाने दिवसभर ऐकलेले असते.

मग शिक्षणाचे तास. त्यातले अमेरिकन ‘एक ड्रिंक’ नीट समजून घ्या. ५ टक्क्यांची ३५५ मिलिलिटर बिअर, किंवा सुमारे १५० मिलिलिटर वाइन, किंवा ४० टक्क्यांची ४४ मिलिलिटर व्हिस्की. प्रत्येकात शुद्ध मद्य साधारण १४ ग्रॅम. आपल्याकडचा ६० मिलिलिटरचा लार्ज पेग या मापात जवळजवळ दीड ड्रिंक होतो. आणि घरच्या बैठकीत यजमान मापाने ओततो कुठे? ‘दोनच घेतले’ असे मनापासून सांगणाऱ्याच्या पोटात चार गेलेले असतात, आणि तो खोटेही बोलत नसतो.

दुसरे गणित उतरण्याचे. शरीर ताशी साधारण ०.०१५ टक्का मद्य निकालात काढते. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, लिंबू सरबत यांनी हा वेग वाढत नाही. रात्री १२ वाजता पिणे थांबवले तेव्हा रक्तात ०.१८ असेल, तर सकाळी ६ वाजता ०.०९ उरते. पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना आणायला पहाटे सॅन फ्रान्सिस्को विमानतळाकडे निघालेला, सहा तास झोपलेला, अंघोळ केलेला माणूस अजून मर्यादेच्या वर आहे. ०.०३वर यायला त्याला सकाळचे १० वाजतील. माझ्या मते सगळ्या क्लासमध्ये हा एक तास सोन्याचा. लायसन्स देतानाच प्रत्येकाला तो सक्तीने द्यायला हवा.

नंतर गटचर्चा. छताचे काम करणारा मजूर, नर्स, निवृत्त शिक्षक आणि सॉफ्टवेअरवाला एकाच वर्तुळात बसतात आणि आपापल्या सवयींबद्दल बोलतात. आपल्या मंडळींना हे सर्वांत अवघड जाते. चारचौघांत घरचे बोलायची सवय नसते आणि बाकीचे ‘खरे दारुडे’ वाटतात. हजेरी फक्त खुर्चीवर बसण्याची नसते, बोलण्यात भागही घ्यावा लागतो.

१८ महिन्यांच्या कार्यक्रमात ५२ तास गटचर्चा, १२ तास शिक्षण आणि पहिले वर्षभर दर पंधरवड्याला समोरासमोर भेट असते. पंधरा मिनिटांची ही भेट कागदावर किरकोळ दिसते. पण गेल्या दोन आठवड्यांत काय झाले, असे वर्षभर कुणीतरी विचारत राहते. निम्म्या घरांत तेवढेही होत नाही.

कोर्ट बहुधा आणखी एक गोष्ट सांगते: ‘व्हिक्टिम इम्पॅक्ट पॅनेल’. अपघातात माणूस गमावलेले लोक इथे स्वतः बोलतात. असे कार्यक्रम घेणारी ‘मॅड’ ही संघटना कॅलिफोर्नियातच जन्मली. ३ मे १९८० रोजी फेअर ओक्स गावात १३ वर्षांच्या कॅरी लाइटनरला एका मद्यधुंद चालकाने उडवले. तो याआधीही याच कारणासाठी पकडला गेला होता. कॅरीच्या आईने, कँडी लाइटनरने, त्याच वर्षी संघटना उभी केली. पॅनेलला उशिरा पोहोचलात तर बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत, पुन्हा तारीख घ्यावी लागते.

क्लास अवघड नसतो, तो पुरा करणे अवघड असते. गाडी नसताना पोहोचायचे असते, त्यात ऑफिसचे रिलीज आडवे येते. गैरहजेरीला मर्यादा असते. तोंडाला दारूचा वास आला तर त्या दिवशी परत पाठवतात. रजा न मागता बरेच दिवस फिरकला नाहीत तर नाव काढून टाकतात, आणि तसे कोर्टाला व डीएमव्हीला कळवतात. मग लायसन्स पुन्हा निलंबित, आणि कोर्टाकडून वॉरंटही निघू शकते. भारतात जायचे असेल तर तिकीट काढण्याआधी संस्थेकडे लेखी रजा मागा. कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला नोकरी मिळाली तर डीएमव्हीकडे ‘१६५० वेव्हर’ मागता येतो, म्हणजे क्लासच्या अटीतून सूट. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो आणि कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्यांपुरताच असतो.

याने फरक पडतो का? असा पहिला क्लास १९६६ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सुरू झाला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. १९९५ साली एलिझाबेथ वेल्स-पार्कर आणि सहकाऱ्यांनी २१५ अभ्यास एकत्र तपासले. उपचार-शिक्षण घेतलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण ७ ते ९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि नुसत्या व्याख्यानापेक्षा शिक्षण, समुपदेशन आणि पाठपुरावा एकत्र असलेले कार्यक्रम सरस ठरले. आकडा लहान आहे, हे मान्य करायला हवे. पण दरवर्षी हजारो लोक या वर्गांत बसतात, त्यामुळे तो फेकून देण्याजोगाही नाही.

गाडीत बसवायचे फुंकणीयंत्र, म्हणजे इग्निशन इंटरलॉक, हा क्लासचा जोडीदार. फुंकर मारून श्वास स्वच्छ निघाला तरच गाडी सुरू होते. पुढे चालवतानाही ते मधूनमधून पुन्हा फुंकायला लावते. पहिल्या गुन्ह्यात ते घेतले तर कामापुरते बंधन न राहता इतरत्रही गाडी नेता येते. अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलेत तर यंत्र नापास करते आणि तशी नोंद राहते. साध्या पाण्याने चूळ भरा, काही मिनिटे थांबा.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक पायरी, जी क्लासमध्ये कुणी सांगत नाही. २०१५पासून अमेरिकी परराष्ट्र खाते गेल्या ५ वर्षांत डीयूआयमध्ये अटक झाली असेल तर व्हिसा खबरदारी म्हणून रद्द करू शकते. शिक्षा व्हायलाच हवी असे नाही, अटक पुरते. अमेरिकेतले वास्तव्य त्यामुळे लगेच संपत नाही. पण एकदा देशाबाहेर पडलात की परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो, आणि त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी होते. मुंबईत असे डॉक्टर आहेत. क्लास पुरा केल्याचे कागद तिथे दाखवायला सोबत ठेवा. बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे म्हणून आलेला माणूस तीन महिने अडकू शकतो, तेव्हा इमिग्रेशनच्या वकिलाशी तिकिटाआधी बोला.

शेवटचा तास झाला आणि पैसे फिटले की संस्था डीएल १०१ हा पूर्णतेचा दाखला डीएमव्हीला पाठवते. तो पोहोचला का, हे स्वतः फोन करून विचारा. आपली प्रतही घ्या. पुनर्स्थापना शुल्क आणि एसआर-२२ हेही लागते. एसआर-२२ म्हणजे आपला विमा चालू असल्याची कंपनीने डीएमव्हीला दिलेली हमी, ती तीन वर्षे राखावी लागते. स्वस्त विमा दिसला म्हणून मध्येच कंपनी बदलतात, जुनी कंपनी पॉलिसी बंद झाल्याचे डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा जाते. नव्या कंपनीचा एसआर-२२ डीएमव्हीत नोंदला गेल्यावरच जुनी पॉलिसी रद्द करा.