आठ बाइटांची किंमत

साक्रीतल्या एखाद्या दुकानात ४ जीबी रॅमचा जुना संगणक लिनक्सवर चालत असेल, तर न वापरलेल्या सुविधेला मेमरी का द्यावी, हा प्रश्न रास्तच आहे. प्रोग्रॅमच्या गटाला मेमरीची मर्यादा घालणारा मेमरी कंट्रोल ग्रुप ही लिनक्सच्या कर्नेलमधली (गाभ्यातली) अशीच ऐच्छिक सुविधा. २००८ साली २.६.२५ आवृत्तीत आलेली. एकेकाळी तिला रॅमच्या प्रत्येक पानामागे पाच पॉइंटर लागत. ६४-बिट यंत्रावर पॉइंटर ८ बाइटांचा, पान ४ केबीचं. ४ जीबीत पानं साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे ४० एमबी खर्च. म्हणून हे पॉइंटर वेगळ्या तक्त्यात ठेवले. सुविधा बंद करून संगणक सुरू केला की तक्ता तयारच होत नसे. बदल्यात पानावरून तक्त्यातली नोंद शोधायची जादा पायरी कोडमध्ये शिरली.

पुढे पाचांतला एकच पॉइंटर उरला. कर्नेलचे विकासक योहानेस वाइनर यांनी तो थेट कर्नेल प्रत्येक पानासाठी ठेवतो त्या नोंदीत बसवला आणि २०१५च्या ३.१९ आवृत्तीत तक्ता, त्याच्या कोडसकट, गेला. खर्च फार तर ८ एमबी. कर्नेलला मेमरी वाटून देणारा स्लब (SLUB) अॅलोकेटर तेव्हा निवडलेला असेल तर तोही नव्हता, कारण नोंदीत तेवढी जागा रिकामीच होती. कोणी म्हणेल, आज आठ बाइट, उद्या आणखी आठ, थेंबे थेंबे तळे साचे. आक्षेप खोटा नाही. पण ३२ एमबीच्या राउटरसाठी कर्नेल बांधतानाच ही सुविधा वगळता येते. उलट गुंतागुंतीच्या कोडचा भुर्दंड प्रत्येक दुरुस्तीला पडतो, सुविधा वापरा वा न वापरा. पाचही पॉइंटर उरले असते, तर मात्र माझा कौल तक्त्यालाच असता: ४० एमबी म्हणजे त्या संगणकाच्या रॅमचा जवळजवळ एक टक्का.