दुकानाचं नेटवर्क: आधी भिंती घाला, मग स्पीड वाढवा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाचं नेटवर्क कसं आखायचं ते पाहिलं. त्यात सांगायचा राहिलेला एक किस्सा इथे सांगतो, कारण अख्खा धडा त्यातच आहे.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. काउंटरवर आठ-दहा गिऱ्हाईकं आणि बिलिंगच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. मी काउंटरवरच्या पोरावर सगळ्यांसमोर ओरडलो, "मोबाइलवर व्हिडिओ बघत बसतोस, म्हणून नेट अडकतं!" दोन गिऱ्हाईकं सामान ठेवून निघून गेली. रात्री शटर ओढून राउटरचं सेटिंग उघडलं, तर नेट खात होते मीच बसवलेले चार नवे कॅमेरे. दिवसभर रेकॉर्डिंग क्लाउडवर चढवत होते. दुसऱ्या दिवशी त्या पोराची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

चूक त्याची नव्हती, स्पीडचीही नव्हती. चूक माझ्या आखणीची होती. सगळं एकाच राउटरवर, एकाच पासवर्डवर!

तीन खोल्या करा. बिलिंग वेगळं, कॅमेरे वेगळे, गिऱ्हाइकांचं वायफाय वेगळं. यालाच व्हीलॅन म्हणतात. वायर तीच, पण आत भिंती. त्यासाठी व्हीलॅन चालणारा राउटर आणि मॅनेज्ड स्विच लागतो. तेवढं बजेट नसेल तर निदान राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' आजच चालू करा. मात्र नुसत्या भिंतींनी गर्दी कमी होत नाही. कॅमेरे आणि गेस्टला स्पीडची मर्यादा घाला, बिलिंगला पहिला मान द्या.

भिंती फक्त स्पीडसाठी नसतात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीत चोर शिरले ते एसी-फ्रीजचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. तिथून ते थेट बिलिंग मशीनपर्यंत पोचले. सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली. आज सगळीकडे 'झिरो ट्रस्ट' हा शब्द ऐकू येतो, त्याचा सरळ अर्थ हाच: आत आला म्हणजे आपला माणूस, असं समजू नका. प्रत्येकाला कामापुरतीच किल्ली द्या.

जे हलत नाही, त्याला वायर. बिलिंग पीसी, प्रिंटर, कॅमेरे यांना कॅट-6 केबल टाका. एका केबलची लांबी 100 मीटरच्या आत ठेवा. पीओई स्विच घेतला तर त्याच केबलमधून पीओई कॅमेऱ्याला वीजही मिळते, वेगळा प्लग नको. मग वायफाय मोबाइल आणि टॅबसाठी मोकळं राहतं.

नवं म्हणून घेऊ नका. वायफाय 7 चं सर्टिफिकेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. त्यात एकच उपकरण एकाच वेळी दोन बँड वापरू शकतं. भारी आहे! पण तुमचा मोबाइलही वायफाय 7 चा असेल तरच ही सोय मिळते. लहान दुकानाला आज वायफाय 6 सहसा पुरतं. फक्त डब्ल्यूपीए3 सुरक्षा आहे ना, ते बघून घ्या.

दुसरा रस्ता ठेवा. फायबर तुटली तर सिमवर चालणारी दुसरी लाइन हवी, आणि राउटरला छोटा यूपीएस हवा. नाहीतर लाइट गेली की यूपीआयचा साउंडबॉक्स चालू आणि बिलिंग बंद, अशी गंमत होते.

आजचा गृहपाठ: शटर ओढल्यावर एका कागदावर दुकानात नेटला जोडलेली प्रत्येक वस्तू लिहा. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: ही बंद पडली तर धंदा थांबतो का? ज्यांचं उत्तर 'हो' आहे, त्यांची खोली आधी वेगळी करा. नवा राउटर त्यानंतर.

आणि हो, नेट अडकलं तर पोरावर ओरडण्याआधी राउटर उघडून बघा.