तळपट्टीचा मजकूर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात दुसरी पाळी करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एखादा तरुण रात्री मोबाईलवर ग्रंथालयाचे मदत-संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्याला संस्थेचा इतिहास नको असतो. उद्या वाचनालय किती वाजता उघडणार आणि पुस्तकाची मुदत कशी वाढवून घ्यावयाची, एवढेच त्यास हवे असते, आणि ते वर न गवसल्यास तो थेट पानाच्या तळाशी जातो. म्हणूनच, तळपट्टी म्हणजे फूटर कोणी वाचीत नाही, हा समज निराधार आहे. संकेतस्थळांच्या सुगमतेविषयी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत तर संपर्क व मदतीच्या सोयी एकाहून अधिक पानांवर दिल्या असतील, तर त्या एकाच क्रमाने याव्यात, असे स्वतंत्र कलमच आहे.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे. ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ काढली की हक्क गेला, अशी भीती अनेक विश्वस्तांस वाटते. वस्तुतः भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये मूळ कृती निर्माण होताच हक्क आपोआप प्राप्त होतो. त्यास ना चिन्ह लागते, ना नोंदणी. त्या ओळीतील साल दर एक जानेवारीस संगणक परस्पर बदलतो अशी तजवीज बहुधा केलेली असते, आणि खरा घोटाळा तेथेच होतो : वेळापत्रक तीन वर्षांपूर्वीचे असले तरी ताजे साल पाहून वाचक त्यावर बिनदिक्कत विश्वास ठेवतो. त्यापेक्षा वेळापत्रक शेवटचे कधी तपासले, ती तारीख ग्रंथपालाने स्वहस्ते घालावी, हे माझ्या मते कितीतरी प्रामाणिक.

तळपट्टी बदलण्यास प्रोग्रामरच हवा, हाही समज खरा नव्हे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयात जानेवारी २००० पासून वापरात आलेली आणि आपल्याकडे अनेक महाविद्यालयांनी स्वीकारलेली मुक्त प्रणाली ‘कोहा’ घेतली, तर तिच्या वाचकांसाठीच्या पानाचा तळाचा मजकूर ‘ओपॅकक्रेडिट्स’ या एकाच जागी लिहावयाचा असतो आणि तो सर्व पानांवर उमटतो. उलट उत्साहाच्या भरात कोणी प्रणालीच्या मूळ फायलींतच हात घातला, तर पुढील अद्ययावतीकरणात ते सारे काम पुसले जाण्याचा संभव असतो. तळाशी ‘कोहा’चे नाव ठेवणे परवान्यानुसार सक्तीचे आहे, ही समजूतही चुकीची, ते दाखवावे की नाही, याची मुभा प्रणालीच्या सेटिंगमध्येच आहे. सौजन्य म्हणून ठेवावे, हे निराळे.

फिकट करडी अक्षरे शोभिवंत दिसतात खरी. परंतु साध्या आकाराच्या अक्षरांस पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका उजेडाचा भेद हवा, हे वर सांगितलेल्या निकषांतच नमूद आहे.

राहिला भाषेचा प्रश्न. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरोघरी बोलल्या जातात, हे तेथील ग्रंथपालास सांगण्याची गरज नाही. तरीही तळपट्टी इंग्रजीतच शोभते, असे मानून ‘क्विक लिंक्स’ची रांग मांडली जाते. युनिकोडमुळे या चारही लिप्या एकाच पट्टीत नांदू शकतात. निदान वेळ आणि दूरध्वनी क्रमांक तरी मराठीत असावा, आणि तो क्रमांक कार्यवाहांच्या दालनातला नसून देवघेव विभागातला, म्हणजे ग्रंथालय उघडे असताना कोणीतरी खात्रीने उचलील असा, असावा.