पडद्यावरची शाळा आणि आम्ही

चित्रपटांवर मतप्रदर्शन करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. आमचा विषय मराठी, व्यवसाय मास्तरकीचा, आणि थिएटरात जाऊन पाहिलेले चित्रपट मोजावयाचे तर हातांची बोटे तीन-चार वेळा फिरवून पुरतील इतकेच. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी घरात एक भला मोठा दूरदर्शन संच आणून बसविला. हवा तो चित्रपट हव्या त्या वेळी त्यावर पाहता येतो. सौ.ची गुडघेदुखी आणि बाहेरचे ऊन यांमुळे घराबाहेर पडणे नव्हतेच. तेव्हा दीड महिन्यात आम्ही उभयतांनी जे काही जुने-नवे पाहिले, त्याविषयी हे चार शब्द.

आमचे बालपण निपाणीजवळच्या एका खेड्यात गेले. यात्रेला तंबूतला सिनेमा येई. मध्ये दोर बांधून एका अंगाला पुरुष व दुसऱ्या अंगाला बायका बसत. रीळ तुटले की दोन्ही अंगांनी सारखाच आरडाओरडा होई. निपाणीकरांस त्याहून बरा सिनेमा पाहावयाचा तर कोल्हापूर जवळ. बेळगावचे अंतर जवळजवळ दुप्पट. त्यामुळे आमच्या भागातील माणसाची सिनेमाची राजधानी कोल्हापूरच राहिली, मग सातबारा कोणत्याही राज्यात असो.

प्रारंभ 'संत तुकारामा'ने केला. प्रभातचा हा चित्रपट १९३६ सालचा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. लहानपणी पाहिला तेव्हा आमचे सारे लक्ष विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवर आणि शेवटच्या विमानावर होते. या खेपेस मात्र आमची नजर जिजाईवरून हलेना. गौरीबाईंनी ती भूमिका केलेली नाही. त्या चुलीपुढे बसल्या आहेत, आणि कोणीतरी नकळत यंत्र सुरू केले आहे, असेच वाटते. मूल आजारी पडल्यावर ही बाई वहाण हातात घेऊन थेट पांडुरंगास जाब विचारावयास देवळात जाते. आणि शेवटी नवरा वैकुंठास निघाला असता ही मागे राहते, कारण पोरांच्या जेवणाचे पाहावयास हवे. सौ. एवढेच म्हणाल्या, "अभंग त्यांनी लिहिले, दळण हिनं दळलं." आम्ही त्यावर काही बोललो नाही. वादात पडण्याचा तो प्रसंग नव्हता.

'पिंजरा' (१९७२) लावला तो आमच्या आग्रहाखातर. तरुणपणी हा चित्रपट पाहून आम्ही भारावून गेलो होतो. व्ही. शांताराम, डॉ. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले. पुन्हा राम कदमांचे संगीत. आज मास्तरकीत आयुष्य घालविल्यानंतर पाहताना मात्र मन थोडे चरकले. तमाशाचा फड गावाबाहेर घालविणारा हा गुरुजी स्वतः त्याच फडाच्या मागे लागतो. जगाच्या दृष्टीने तो मेलेला असतो आणि गाव त्याचा पुतळा उभारते. अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोप तो मुकाट्याने अंगावर घेतो. का, तर गावासमोरचा आदर्श ढळू नये! पूर्वी आम्हांस यात त्याग दिसला होता. आता असे वाटते, की हाडामांसाच्या मास्तरापेक्षा पुतळ्याचा मास्तर गावास अधिक सोयीचा असतो. पुतळा वर्गखोलीचे गळके छप्पर दुरुस्त करून मागत नाही. 'सामना'तला दारूच्या आहारी गेलेला मास्तर आम्हांस त्या मानाने अधिक जवळचा वाटला. मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचा प्रश्न तो साखरसम्राटासमोर पुनःपुन्हा मांडत राहतो, आणि तेवढ्याने त्या सम्राटाची झोप उडते. मास्तराचे काम त्याहून निराळे ते काय असते?

नव्यांपैकी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) पाहिला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा आम्ही केवळ शाळेपुरते बोलतो. डुकरामागे धावणारे ते कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटते. पुढे ते धरलेले डुक्कर खांद्यावरून नेत असता मागे शाळेची भिंत दिसते, आणि भिंतीवर महापुरुषांची चित्रे. आमच्या शाळेच्याही भिंतीवर तीच चित्रे आहेत. रंगाऱ्यास पैसे कमी पडले तेव्हा आम्ही खिशातून भर घातली होती. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी त्या भिंतीकडे पाहताना आम्हांस उगाच ओशाळल्यासारखे झाले. चित्रपट संपतो तो प्रेक्षकाच्या अंगावर आलेल्या दगडाने. तो दगड आम्हांस लागला, एवढे म्हणून पुढे जातो.

आता आमच्या निपाणीच्या चित्रपटाविषयी. निपाणीवर चित्रपट निघालेला आहे, हे किती निपाणीकरांस ठाऊक असेल? आम्हांस तरी नव्हते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तो संगणकावर आणून दाखविला. नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. १९८२ साली दीपा धनराज व त्यांच्या 'युगांतर' या गटाने तो केला. अर्ध्या तासाहूनही लहान, कृष्णधवल, आणि मराठी. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका संघटित कशा झाल्या, याची ती कथा आहे. ज्यांची कथा, त्याच बायका पडद्यावर. पुढे बर्लिनच्या एका संस्थेने ही फिल्म दुरुस्त करून जतन केली. म्हणजे आमच्या वखारीतली धूळ जर्मनीत जपून ठेवलेली आहे, आणि आमच्या घरी तिची आठवणही नाही.

१९८१ सालचे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आम्हांस आठवते. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडविला, आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो, तरी वडीलधाऱ्यांचे ते दबल्या आवाजातले बोलणे अजून कानांत आहे. रस्त्यावर बसलेला शेतकरी आमच्या इतिहासात आला. वखारीत बसून तंबाखू चाळणारी बाई मात्र आली नाही, आणि तिच्या मुलांच्या शेजारी आम्ही बाकावर बसत होतो! तिच्या लुगड्याला येणारा वास आम्हांस नकोसा वाटे, हेही येथे लिहून टाकतो. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. त्यांचे उमेदीचे आयुष्य वखारीत गेले. त्यांना मुद्दाम बोलावून हा चित्रपट दाखविला. पदर तोंडाशी धरून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, आणि म्हणाल्या, "ही वखार आमची न्हवं, मास्तर. पर खोकला आमचाच हाय." रचून ठेवलेल्या तंबाखूत आतल्या आत ऊब धरते, हात घातल्यावाचून ती कळत नाही, हेही त्यांनीच समजावून सांगितले. एम. ए.ला असताना प्रतिमा-प्रतीकांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. या एका नावापुढे ती सारी फिकी वाटली.

येथपर्यंत सारे मराठीच. आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. आणि तो कानडी आहे.

आम्ही कानडी चित्रपट पाहत नव्हतो. त्यामागे नावड अशी नव्हती. तो आमच्या घरचा रिवाज होता. १९८२ साली गोकाक अहवालाच्या बाजूने जे आंदोलन झाले त्यात राजकुमार अग्रभागी होते, आणि त्या दिवसापासून त्यांचे नावही आमच्या वडिलांनी घरात निघू दिले नाही. पुढे १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभाग पेटला आणि रिवाजाचे व्रत झाले. आम्ही धारवाडला मराठीत एम. ए. केले. दोन वर्षे त्या गावी राहिलो, जेथे बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कानडीत लिहीत. जेथे गिरीश कर्नाड शिकले. दोन वर्षांत एकही कानडी चित्रपट पाहिला नाही, आणि त्याचा त्या वयात अभिमानही वाटे. कर्नाड आम्हांस ठाऊक होते ते 'उंबरठा'तले. कचेरीच्या कामापुरते कानडी आम्हांस उत्तम येते. परिपत्रके वाचून भाषेवर प्रेम जडत नाही, इतकेच.

आमच्या शाळेत कानडी शिकविणाऱ्या बाई गोकाककडच्या आहेत. त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांना मराठीचा गंधही नव्हता. पहिला आठवडाभर आम्ही त्यांच्याशी हजेरीपत्रकापलीकडे बोललो नाही. तिसऱ्या महिन्यात पाहतो तो त्या पहिलीतल्या पोरांच्या शेंबडास मराठीत दटावीत आहेत! या बाईंनीच दोन वर्षे धोशा लावला होता, "सर, तो कासरगोडचा सिनेमा तुम्ही एकदा बघाच." अखेर सुट्टीत त्यांना आणि त्यांच्या यजमानांना जेवावयास बोलावले व सर्वांनी मिळून तो पाहिला.

ऋषभ शेट्टी दिग्दर्शित हा चित्रपट २०१८ सालचा. त्याचे नाव एखाद्या शाळेच्या फलकाएवढे लांब आहे; कासरगोडची सरकारी उच्च प्राथमिक शाळा, असा त्याचा आरंभ. उत्कृष्ट बालचित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कासरगोड केरळात. तेथील कानडी माध्यमाच्या शाळेत गणितास मल्याळी शिक्षक येतो. त्यास कानडी येत नाही, पोरांना त्याचे कळत नाही. पुढे शाळाच बंद करण्याचा घाट घातला जातो. मुले थेट म्हैसूर गाठतात आणि एका विक्षिप्त वृद्धास मदतीस आणतात. हे काम अनंत नाग यांचे. तरुणपणी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला हा नट म्हातारपणी किती मोकळा झाला आहे! मुलांपैकी एकाचे नाव मम्मूटी आहे, आणि तो कानडीसाठी भांडतो. दिग्दर्शकाने हे नाव सहज ठेवले असेल असे आम्हांस वाटत नाही.

दोषही आहेत. उत्तरार्ध लांबला आहे, न्यायालयातले भाषण फार जोरकस आहे, आणि निकाल लागतो तो इतक्या झटपट, की २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या सीमाभागातील माणसास हसू आवरत नाही. आमच्या बरोबरीचे काही लोक त्या प्रतीक्षेतच निवृत्त झाले.

हसू आले ते तेथे. त्यापूर्वी, मल्याळी मास्तर फळ्यापुढे उभा राहतो आणि पोरे एकमेकांची तोंडे पाहतात, त्या प्रसंगी आम्ही हळूच बाईंकडे पाहिले. त्या पडद्याकडेच पाहत होत्या. सौ.नी मात्र आमच्याकडे पाहिले.

महाजन अहवालाचे नाव आमच्या भागात लहान मुलासही ठाऊक असते. १९६७ च्या त्या अहवालाने निपाणी-खानापूर महाराष्ट्रास आणि बेळगाव म्हैसुरास, अशी शिफारस केली. त्याच अहवालात चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोडचा भाग कर्नाटकास द्यावा असेही लिहिले आहे. दोन्ही शिफारशी कागदावरच राहिल्या. आम्ही हे सारे व्याख्यानांतून तोंडपाठ सांगत आलो; बेळगावला एक न्याय आणि कासरगोडला दुसरा का, असा खडा सवालही करीत आलो. तो सवाल आम्ही मागे घेतलेला नाही. परंतु कासरगोडमध्ये शाळा असेल, तिच्यात फाटक्या दप्तराची पोरे असतील, आणि तेथलाही एक मुख्याध्यापक जूनमध्ये दारोदार फिरत असेल, हे चित्रपट पाहीपर्यंत आमच्या मनात कधी आले नव्हते. नकाशावरचा मुद्दा म्हणूनच आम्ही त्या गावास ओळखत होतो.

दारोदार फिरण्याची गोष्ट खरी आहे. यंदा पहिलीत आमच्याकडे सात मुले आली. गेल्या वर्षी अकरा होती. ज्यांच्या घरात मराठी बोलतात, मराठी वर्तमानपत्र येते, मोर्च्याला जे आमच्यापुढे चालतात, त्यांच्या नातवंडांना न्यावयास सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. आम्ही त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आमचे चिरंजीव मराठी शाळेत शिकले, नात मात्र पुण्यात इंग्रजीत शिकते. यंदाच्या फेरीस बाई आमच्याबरोबर आल्या होत्या. एका घरी आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या शाळेत कानडी कोण शिकवतंय?" बाई मराठीत म्हणाल्या, "मी शिकवते, आजी. पोरगी पाठवा, मराठी पण बिघडू देणार नाही." सातातली एक त्या घरची आहे.

जुलैमधल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर वरच्या वर्गांस हाच चित्रपट दाखविला. भिंतीवर धोतर ताणून पडदा केला. यात्रेतल्या तंबूची आठवण झाली. मम्मूटीच्या प्रत्येक वाक्यास पोरे हसत होती. बाई पुढे उभ्या राहून मधूनमधून मराठीत अर्थ सांगत होत्या, आणि फारसे सांगावे लागले नाही. आमच्या पोरांना आमच्याहून अधिक कानडी येते, हेही त्या दिवशी ध्यानात आले.

आता बाईंनी परतफेड मागितली आहे. त्यांचे म्हणणे, तुमच्यासाठी मी कानडी दाखविला, आता मला एक मराठी दाखवा, आणि तो तुम्हीच निवडा. आमच्या मते 'श्यामची आई'. अत्र्यांचा चित्रपट, वनमालाबाई आणि माधव वझे. राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी. सौ.चे म्हणणे असे, की पाहुण्या बाईस घरी बोलावून रडवावयाचे हे बरे नव्हे. 'पिंजरा' लावा, निदान गाणी तरी चांगली आहेत. आमच्या देखत शाळेच्या बाईंना 'पिंजरा' दाखविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. रविवारपर्यंत काय ते ठरेल.