परसदारी आडोसा हवा, पण वाराही हवा

ब्राह्मणपारा ही रायपूरची जुनी, दाट वस्ती. नागपूरकर भोसल्यांची सत्ता 1854 मध्ये संपली, तरी शहरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. घरामागच्या ज्या जागेला आपण परसदार म्हणतो, तिला छत्तीसगडीत बाडी म्हणतात. कपडे वाळत घालणं, वड्या-पापड उन्हात ठेवणं, न्हाऊन केस वाळवणं, आजीचं निवांत बसणं, सगळं तिथेच. पण शेजारी मजले चढले की नव्या खिडक्या थेट परसात उघडतात. मग घरातल्या बायका तिथे जाणंच टाळू लागतात. जागा आपली, पण वावर संपलेला.

आधी बसून पाहा

पहिला विचार येतो भिंत उंच करण्याचा. पण दुसऱ्या मजल्यावरची नजर सहा फुटी भिंतीवरून सहज आत येते. उलट वारा अडतो आणि रायपूरच्या मे महिन्यात परसाची भट्टी होते. म्हणून नेहमीच्या जागी खुर्ची टाकून बसा. तिथून कोणत्या खिडक्या दिसतात ते बघा. बहुधा दोन-तीनच निघतील. आडोसा फक्त त्यांच्यापुरता करा. तो बसण्याच्या जागेजवळ असेल तर कमी उंचीतही काम भागतं.

नजर वरून येत असेल तर

सात-आठ फूट उंचीचा बांबूचा किंवा लोखंडी पाइपचा मांडव घाला आणि त्यावर तोंडली चढवा. इथल्या बाजारात हीच कुंदरू. फांदी लावली तरी रुजते, पावसाळ्यात मांडव भरते. थंडीत वेल विरळ होतो, तेव्हा नेमकं हवं असलेलं ऊन खाली येतं. मधुमालती लावायची असेल तर आधार भक्कम हवा, वेल जड होतो. वेल वाढेपर्यंत हिरवी जाळी बांधा.

नजर बाजूने येत असेल तर

बांबूच्या पट्ट्यांची, मध्ये फटी असलेली जाळी लावा. वारा खेळता राहतो आणि वादळात जाळी उन्मळत नाही. जागा असेल तर मेंदी किंवा अडुळशाचं कुंपण करा. बांबू लावायचा तर मोठ्या ड्रममध्ये, नाहीतर मुळं पसरतात. बेशरम मात्र नको, ती गुरांना विषारी आहे.

कायदा काय सांगतो?

1882 चा सुविधाधिकार कायदा ज्या प्रांतांत सर्वात आधी लागू झाला, त्यांत मध्य प्रांत होता. रायपूर तेव्हा त्यातच होतं. शेजाऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारी नवी खिडकी उघडू नये, अशी गावाची रूढी असेल तर तिला हा कायदा मान देतो. 1888 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही गोकल प्रसाद विरुद्ध राधो खटल्यात असा रूढीचा हक्क मान्य केला. पण रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. शिवाय शेजाऱ्याच्या खिडकीला 20 वर्षं विनाअडथळा उजेड-वारा मिळत असेल, तर तो त्याचाही हक्क ठरू शकतो. तुमची उंच भिंत तिथे अडचणीत येईल.

म्हणून कोर्टाआधी शेजाऱ्याच्या घरी चहाला जा. "काकू, या खिडकीला धुरकट फिल्म लावता का? खर्च आम्ही करतो," एवढं विचारून बघा. उजेड त्यांचा राहील आणि परस पुन्हा तुमचं होईल.