मालमोटारींच्या फेऱ्यांची आखणी : कंधारचे एक उदाहरण

कंधारला रेल्वे नाही. नांदेडच्या मालधक्क्यावर उतरलेले खत लोह्यामार्गे मालमोटारीने कंधारास येते. तालुक्यातील सोयाबीन नांदेड वा लातूरच्या पेठेकडे जाते. पेठेतील भावातून भाडे व हमाली वजा जाता जे उरते ती शेतकऱ्याची प्राप्ती, हे ध्यानात घेतले म्हणजे फेऱ्यांची आखणी हा केवळ गणितज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

या प्रश्नाची पहिली रीतसर मांडणी डँट्झिग व रॅम्झर यांनी 1959 मध्ये केली. एका साठ्यावरून अनेक पंपांना पेट्रोल पोचविणाऱ्या मोटारींचे मार्ग ठरविणे, हा त्यांचा विषय होता. क्लार्क व राइट यांनी 1964 मध्ये सुचविलेली ‘बचतीची रीत’ त्याहून सुटसुटीत आहे. दोन गावांना स्वतंत्र फेऱ्या करण्याऐवजी एकच फेरी केल्यास किती अंतर वाचते, एवढेच तीत पाहावयाचे. समजुतीसाठी नांदेड-लोहा 30, लोहा-कंधार 15 आणि नांदेड-कंधार 45 किलोमीटर अशी ढोबळ अंतरे घेऊ. दोन स्वतंत्र फेऱ्यांस 150 किलोमीटर पडतात, जोडफेरीस 90. बचत 60. मात्र मोटार 10 टनांची असून लोह्याची मागणी 6 व कंधारची 7 टन असेल, तर ही जोडणी कागदावरच राहते. अशा वेळी बचतीच्या उतरत्या क्रमाने पुढची, क्षमतेत बसणारी जोडी घ्यावयाची. ही रीत सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही. परंतु व्यवहारास पुरेसे चांगले उत्तर हाताने आकडेमोड करूनही मिळते, हा तिचा गुण लहानसा नव्हे.

तथापि आपल्याकडे खरा तोटा रिकाम्या परतीत आहे, आणि तो वरील सूत्रात दिसतच नाही. वरच्या 90 किलोमीटरांपैकी कंधारहून परतीचे 45 मोटार रिकामी धावते. जुन्या काळी बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन जात आणि येताना बैलांवर मीठ लादून आणीत. परतीचा माल हे त्यांच्या व्यापाराचे मर्मच होते. कंधारात अडचण ऋतूची आहे. खरिपाचे खत जूनच्या सुमारास येते, तेव्हा बाहेर पाठविण्याजोगा नवा शेतमाल फारसा नसतो. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात रब्बीचे खत येते त्याच सुमारास सोयाबीन खळ्यावरून निघते. परतीचा माल मिळण्याची खरी संधी या थोड्या आठवड्यांत आहे.

तीही आपोआप साधत नाही. खत उतरल्यावर मोटारीचा तळ झाडून कोरडा करावा लागतो, ताडपत्री अंथरावी लागते, आणि पोती भरून तयार होईपर्यंत मोटार खोळंबते. या खोळंब्याचे भाडे, साफसफाई व चढविण्याची जादा मजुरी यांची बेरीज परतीच्या मालापासून मिळणाऱ्या भाड्याहून कमी असेल तोवरच थांबणे परवडते. सोयाबीन लातूरच्या पेठेस जावयाचे असेल, तर मोटारीला नांदेडच्या धक्क्यावर परतण्याचा वळसाही त्याच बेरजेत धरला पाहिजे.